उलट्या अक्षरांचा पत्रा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. देवाचं सगळं करते, पण भुताखेताचा विषय निघाला की उठून भाजी निवडायला घेते. गल्लीतल्या एकीच्या अंगात यायचं, तिला मी म्हणायची, "आधी चहा पी, मग घूम." तरी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला बसलेय... कारण माझं मलाच उत्तर सापडलेलं नाही.

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती भांड्यांवरची नावं बघून – 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. त्यामुळं बरेच दिवस मला वाटायचं, लिहितात ते मेलेल्या माणसांसाठीच!

ही नावं घालायचे वीरभद्रअप्पा. आमच्या दुकानाच्या पायरीवर पोतं टाकून बसायचे, हातात छोटी छिन्नी न् हातोडी. अक्षर असं की बोटानं चाचपून वाचावं. पण खरा जीव गाण्यांत न् चित्रांत. गाणी स्वतःच रचायचे. चित्रांचे कागद मी पाहिले होते – ज्वाळांतून चालणारी माणसं, सूर्याला कडेवर घेतलेली बाई, न् कडेनं बारीक अक्षरांत गाणं. रंग भरायची त्यांची बायको गंगाबाई. हळद, काव, नीळ, घरात असेल ते. तिलाही लिहायवाचायला त्यांनीच शिकवलेलं.

अप्पांना काहीबाही दिसायचं. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. समोरच्या वाळक्या लिंबाकडं बघत ते एकदम म्हणाले, "अक्का, बघा की... फांदीफांदीला पंखवाली माणसं बसल्यात."

आमचे मालक गल्ल्यावरून ओरडले, "अप्पा, त्यांना म्हणावं एखादी घागर तरी घ्या. सकाळधरनं बोहणी न्हाई!"

"त्यांला तहान नसती, मालक," अप्पा म्हणाले. अगदी साध्या आवाजात. येणारंजाणारं हसलं. मीही पदर तोंडाला लावून हसले.

त्या वर्षी भांडं कोण घेणार न् नाव कोण घालणार? दोघं नवराबायको नायगावकडं, तिच्या माहेराला निघाले, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. जायच्या आदल्या दिवशी अप्पांनी फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा एक पत्रा माझ्या हातात दिला, पाटीएवढा.

"हे गंगीचं गाणं हाय, अक्का. तिला अजून दावलं न्हाई. पाऊसपाणी झालं की येऊन नेतो. तवर जपा."

मी उघडून पाहिलं. वेलबुट्टी, दोन पाखरं, आणि अक्षरं... पण एक अक्षर लागेना. मालकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला न् खाली केला. "मोडी असंल," म्हणाले. जे वाचता येत नाही ते मोडी, असा आमच्या घरचा कायदाच होता. मी पत्रा माळ्यावर टाकला.

पाऊस पडला. अप्पा आले नाहीत. वर्षांवर वर्षं गेली.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. बाजाराचं रूपच पालटलं, जो तो दुकान नवं करायला लागला. आम्हीही माळा रिकामा केला. पत्रा खाली आला, हिरवा पडलेला. मी विचारलं, "ह्या मोडीचं काय करायचं?"

मालक हिशेबात होते. "मोडी आहे ना? मग मोडीतच घाल!" न् स्वतःच्याच विनोदावर हसले. मीही हसले हो... जपा म्हणालेला माणूस मला त्या घटकेला आठवलाच नाही. की आठवला, आणि मी तिकडं पाहिलं नाही? खरं तेच असावं. तांबटानं तो पत्रा वितळवून, थोडी भर घालून, मला एक तांब्या घडवून दिला. त्यावर नाव काही घातलं नाही. नाव घालणाराच कुठं राहिला होता?

महिनाभरात नव्या जिल्ह्याच्या कचेरीत एका कागदासाठी जावं लागलं. कारकुनानं शिक्का उचलला, तशी माझी नजर त्याच्या तळाकडं गेली. अक्षरं उलटी! ठप्प केलं, कागदावर सुलटी. मोडी नव्हतं ते. म्हणजे अप्पा ती चित्रं न् गाणी पत्र्यावर शाई लावून छापत असणार... कागदावर सुलटं यावं म्हणून उलटं कोरायचे. पत्रा आरशापुढं धरला असता तरी मी वाचलं असतं.

पुढच्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, एक बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. कपाळाला नुसती विभूती. तिनं हात जोडले.

"शरणार्थ, अक्का. वळखलं का?"

गंगाबाई! अप्पा गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. जाताना त्यांनी सांगितलेलं – तुझं गाणं लातूरला अक्कापाशी हाय.

"तेवढं एक दावा, अक्का. बाकीचं समदं वाळवीनं खाल्लं."

आणि मी काय बोलावं? "माझ्यापाशी न्हाई हो दिलं काही. मला तर आठवत न्हाई."

ती नुसती "बरं" म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना. उन्हातून आलेली म्हणून आत जाऊन पाणी आणलं. हाताला लागला तो तोच तांब्या. पुढं ठेवला.

तिनं तांब्या उचलला, पण पिईना. पाण्यात बघत राहिली. ओठ हलायला लागले. अंगठा काठावरून हळूहळू सरकत होता, ओळीखालून बोट फिरवावं तसा. मधेच नव्या नवरीसारखी लाजून हसली. मग डोळे पुसले.

"काय बघायलात, गंगाबाई?"

"वाचायलेय."

मी वाकून पाहिलं. पाणी न् तळाचं तांबं. बाकी काही नाही. तिनं तांब्या तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, न् पालथा करून माझ्या हातात दिला.

"लई उपकार झाले, अक्का. इतकी वर्सं जपलात."

तांब्या कशाचा, हे मी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. त्याच क्षणी पाय धरून खरं बोलायला हवं होतं. निदान गाण्यात काय होतं ते तरी विचारायचं... मी पालथा तांब्या पदरानं पुसत राहिले. ती चालत स्टँडकडं गेली. पुढं दोन वर्षांनी नायगावकडच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं, गंगाबाईही गेली.

सून म्हणते, "आत्या, उन्हानं डोळ्यापुढं येतं काहीतरी." येत असेल. पण उन्हानं माणूस लाजतं का हो?

तांब्या अजून माझ्यापाशी आहे. रोज भरते, वाकून बघते. अक्षरं मला आता चांगली वाचता येतात. पण पाण्यात माझंच तोंड दिसतं.