गाभा ओला होता

माझ्या सासऱ्यांना ओतकाम कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या लढाईत ते फौजेबरोबर बसऱ्याला होते. तिथल्या कारखान्यात त्यांना साच्यांची वाळू ठोकायला लावलं होतं, बाकीचं ते बघून शिकले. परत आल्यावर शेत थोरल्या भावाच्या हवाली केलं आणि सांगलीत गुळाच्या पेठेमागे भट्टी घातली. उसाच्या चरकाच्या दांड्याभोवती बसणारे पितळी बुश आणि देवळाच्या घंटा, एवढंच ते ओतायचे. माल चांगला असायचा. घंटा चार केस लहान निघाली तरी कुणाला कळत नाही, आणि बुश जाड ओतून कानशीनं घासूनच बसवतात. त्यामुळे नेमकं माप लागतं असं काम त्या घरात कधी आलंच नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा चौथी पास होते, त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. मला गाभ्याचं काम दिलं. पोकळ वस्तू ओतायची तर साच्याच्या मधोमध मातीचा गाभा ठेवतात. वितळलेला रस त्याच्याभोवती पसरतो आणि गाभा फोडून काढला की तेवढी जागा पोकळ राहते. नदीची वाळू, टांग्याच्या घोड्यांची लीद आणि काकवी मळून मी तो करायची आणि कोंड्याच्या विस्तवाजवळ दोन-तीन दिवस वाळवायची. वाळला की नाही हे रंगावरून कळत नाही. गालाला लावून बघायचं. गार लागला तर आत पाणी आहे. दोन घंटा फुकट घालवल्यावर मला हे कळलं.

दुसरी लढाई चालू असताना एका चैत्रात माझे वडील खांद्यावर पोतं घेऊन आमच्या दारात आले.

माझ्या माहेरचा ऊस साताऱ्याच्या खाली, कृष्णेच्या काठी. वडिलांनी एका जुन्या मोटारीचं इंजन काढून पाण्याच्या पंपाला जोडलं होतं. उन्हाळ्यात नदी उतरली की इंजनही खाली सरकवावं लागे. त्या वर्षी सरकवताना ते फळीवरून घसरलं आणि त्याचा चार तोंडांचा नळ दगडावर आपटून तीन तुकडे झाले. हवा आणि रॉकेलची वाफ त्याच नळातून चार ठिकाणी इंजनात जाते. साताऱ्याचा मेस्त्री त्याला मॅनिफोल्ड म्हणायचा. तो म्हणाला, हा विलायतेहून येतो, लढाई संपली की या.

"लढाईला सवड हाय, उसाला न्हाई," वडील त्याला म्हणाले. माघात केलेली लागण जेमतेम वीतभर वर आली होती. एवढ्या कोवळ्या उसाला चैत्रात पंधरा-वीस दिवस पाणी मिळालं नाही तर तो संपतो. इंजन बंद पडून तेव्हाच चार दिवस झाले होते.

पोत्यात नळाचे तुकडे होते आणि आईची पितळेची घागर होती. पितळ बाजारात मिळत नव्हतं.

वडील गावात हाक मारायचे तर नदीपलीकडची माणसं मागे वळायची. आमच्या ओट्यावर मात्र ते खालच्या आवाजात बोलायचे. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. मला तेव्हा मूल नव्हतं. ते भाकरी घाटावर जाऊन खायचे, नदीचं पाणी प्यायचे आणि परत येऊन ओट्याच्या कडेला बसायचे. मुलीच्या बापाने व्याह्यासमोर कसं वागायचं हे ठरलेलं होतं आणि ते एक पाऊल इकडे तिकडे टाकत नव्हते.

सासऱ्यांनी तुकडे तारेनं बांधले, भेगांत मेण भरलं आणि तोच नळ वाळूत दाबून साचा घेतला. गाभा मी केला. नळ सुरेख निघाला. वडिलांनी तो धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि त्याच दिवशी गाडीनं गेले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. ओट्यावर त्यांनी नळ ठेवला आणि शेजारी एक बांबूची काठी ठेवली. काठीवर चाकूनं खुणा केल्या होत्या, इंजनावरच्या बोल्टांच्या. पहिलं भोक पहिल्या खुणेला लागत होतं. पुढे चुकत चुकत शेवटच्या भोकाला अर्ध्या बोटाचा फरक पडला होता. भोकं घासून मोठी करावीत तर कड उरत नव्हती.

रस निवताना आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा असतो, हे मेस्त्रीने वडिलांना सांगितलं होतं. पण व्याह्याला त्याच्या धंद्यातलं कसं सांगायचं? म्हणून काठी ठेवली. सासऱ्यांनी काठी बघितली, नळ बघितला, विडी पेटवली. ती संपल्यावर उठले आणि सुताराकडे गेले. लाकडाचा नवा नमुना अर्धं बोट लांब करून घेतला.

त्याच दिवशी मी बाजूला बसले.

ओतकामाच्या घरात बाजूला बसलेल्या बाईची सावली भट्टीवर पडू देत नाहीत. सासरे यात फार कडक होते. तिने भट्टीच्या दिशेनं बोलायचंही नाही, रस नासतो म्हणायचे. परसात गोठ्याच्या कडेला एक पडवी होती, तिथे चार दिवस काढायचे. गाभा करायला माझी जाऊ बसली. जाताना म्हणाली, "तुझा कावळा बी बरा मुहूर्त बघून शिवतोय गं. आता त्या लिदीत माझं हात." तिने मळला चांगला. पण चार फाट्यांचा तो गाभा चांगला जाड होता, त्याला तीन दिवस हवेत हे तिला माहीत नव्हतं, आणि कुणाला थांबायचंही नव्हतं. पडवीतून मला कोंड्याची शेगडी दिसायची. काल दुपारी गाभा तिथे ठेवला आणि आज सकाळी उचलला, हे मी बघितलं. गालाला लावायची गरज नव्हती.

नवऱ्याला सांगावं तर थोरल्यांसमोर त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. सासूबाई पडवीबाहेर तांब्या ठेवायला आल्या, तेव्हा त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू गप बस. आधीच एक वाया गेलाय." मग वडील घाटावरून परसाच्या वाटेनं आले. मी त्यांना थांबवलं.

"आबा, गाभा ओला हाय. मामंजींना म्हणावं, दोन दिस थांबा."

"दोन दिस," वडील म्हणाले. "तिकडं पानं वळाय लागल्यात."

"वल्यावर वतलं तर काय हाताला लागायचं न्हाई."

"तू हात लावून बगितलास?"

"कसा लावू?"

"मग मी काय सांगू? लेकीच्या सासऱ्याला त्याचंच काम शिकवू व्हय?"

ते जाऊन ओट्यावर बसले. मी दोघांनाही बघत होते, ओट्यावर त्यांना आणि भट्टीशी सासऱ्यांना. दोघांत दहा पावलांचं अंतर होतं. वडिलांनी एकदा घसा खाकरला. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, एवढंच.

नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी रसाची मूस उचलून कलती केली. रस साच्यात गेला आणि परत वर आला. आतल्या पाण्याची वाफ झाली की तसं होतं. खदखदला, मग उडाला. कौलांपर्यंत ठिणग्या गेल्या आणि नवऱ्याच्या पायावर रस सांडला. तो खाली बसला. सगळे त्याच्याकडे धावले. मी पडवीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले, कारण त्याला शिवता येत नव्हतं. जाऊ लोणी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. शिंकाळ्यात डावीकडे, असं मी तिथूनच ओरडले. तेवढ्याला कुणी हरकत घेतली नाही.

साचा फोडला तेव्हा आतला नळ मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा होता.

तिसऱ्या वेळचा गाभा मी केला. पितळ दोनदा वितळून कमी भरलं होतं. सासूबाईंनी आपली तपेली आणून भट्टीजवळ ठेवली. सासरे रोज सकाळी विचारायचे, "गालाला लावलास का?" आधी त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी चौथ्या दिवशी हो म्हटलं. नवरा पाय बांधून बसला होता, म्हणून मूस उचलायला सासऱ्यांच्या भावाला गावाहून बोलवावं लागलं, त्यात आणखी तीन दिवस गेले. नळ काठीला बरोबर लागला.

वडील न्यायला आले तेव्हा इंजन बंद पडल्याला महिना होत आला होता.

"लागण कशी हाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"हाय," वडील म्हणाले.

लागण तेव्हा उरलीच नव्हती. आईनं मला नंतर सांगितलं की बांधावरून काडी टाकली असती तर रान पेटलं असतं. तरी वडिलांनी नळ बसवला. इंजन पहिल्याच फिरकीला चाललं. सगळ्या सऱ्यांतून पाणी फिरवलं, डब्यातलं रॉकेल संपेपर्यंत. कुणी थांबवायला गेलं नाही. चार दिवसांनी रानात नांगर घातला. त्या वर्षी आमच्याकडे माहेरची ढेप आली नाही आणि सांगलीत, गुळाच्या पेठेमागे राहून, आम्ही गूळ विकत आणला. नवऱ्याचा पाय बरा झाला, पण त्या पायात त्याला वहाण नीट घालता आली नाही ती कायमचीच.

पुढच्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी गेले. एका सकाळी वडिलांची भाकरी घेऊन नदीवर गेले. इंजन चालू होतं आणि आमचा पिवळा नळ त्यावर बसलेला होता. नवी लागण कमरेला आली होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि वर्षभर मनात असलेलं विचारलं, "त्या दिवशी तुमी बोलला का न्हाई, आबा?"

त्यांनी भाकरी मोडली. "तू लोण्यासाठी वरडलीस," ते म्हणाले. "आदी का न्हाई वरडलीस?"

इंजनाचा आवाज मोठा होता. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं आणि त्यांच्या पुढ्यात कांदा फोडून ठेवला.