यजमान, पाहुणा आणि अण्णांचा मोर

हे सगळं मी सांगतो त्याच क्रमानं घडलं का, हे मला नक्की आठवत नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसानं असं म्हणू नये, पण काय करणार! डेस्कटॉपवर आयकॉन साठत जातात तसे हे किस्से साठत गेले, आणि आता कुठला कशाच्या आधीचा तेच कळेना.

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत आम्ही तिघं निवृत्त. मी प्राध्यापक. वाघमोडे तहसील कचेरीतले, मूळचे सांगोल्याकडचे. आणि मल्लेशमअण्णा, ज्यांनी जन्मभर चादरींची डिझाइनं काढली. अण्णांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. तिच्या आईच्या लग्नात अण्णांनी मोराची चादर करून दिली होती. तोच मोर त्यांना नातीलाही द्यायचा होता. पण तो अडकलेला एका सीडीवर, आणि तिच्यातला डिझाइनचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालणारा. माझा नवा कॉम्प्युटर त्याला दारात उभा करेना!

वाचून वाचून मी एक उपाय शोधला. नव्या कॉम्प्युटरच्या पोटातच एक जुना कॉम्प्युटर मांडायचा, व्हर्च्युअल मशीन. बाहेरचा होस्ट, आतला गेस्ट. दोघांना समजावं म्हणून मी भाषांतर केलं: बाहेरचा यजमान, आतला पाहुणा.

वाघमोडे म्हणाले, "म्हंजी एका घरात दोन चुली की! मग ह्या डब्यातला पंखा एवढा बोंबलणारच!"

०

मशीन मांडताना विचारणा होते, पाहुण्याला मेमरी किती द्यायची? मी घाबरत घाबरत थोडीशी दिली. वाघमोडे चिडलेच.

"सर, पाव्हण्याला हात आखडून वाढायचं न्हाय!" असं म्हणत त्यांनी पडद्यावरची मेमरीची पट्टी पार शेवटपर्यंत सरकवली. सगळा पडदा गोठला.

अण्णा शांतपणे म्हणाले, "पाहुणा जेवला. आता घरचे उपाशी!"

०

जुनी विंडोज एकदाची उघडली, पण कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची. ती दुरुस्त करावी की तशीच राहू द्यावी? मला ठरवता येईना. वाघमोडे चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"अवो, ह्यात मी अजून नोकरीत हाय की!"

"मग उठा," अण्णा म्हणाले, "कचेरीला उशीर झालाय!"

०

आमचं ऐकून ऐकून माझी पत्नीही यजमान-पाहुणे म्हणू लागली होती. एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. मी आंघोळीला गेलो आणि तेवढ्यात वाघमोडेवहिनींचा फोन आला. "सर काय करत्यात?" त्यांनी विचारलं. पत्नीला वाटलं, कॉम्प्युटरचीच चौकशी.

"काय सांगू वहिनी, यजमान सकाळपासून उठतच नाहीयेत! हात लावून पाहिला, अगदी गार!"

जरा वेळानं बेल वाजली. मी बनियनवरच दार उघडलं. समोर वहिनी, मागे निम्मी सोसायटी, एकाच्या हातात हार.

वहिनींनी तोंडावर पदर धरला. "सर... तुमी?"

त्या सगळ्यांचे चेहरे पाहून माझाच गोंधळ उडाला. मी म्हणालो, "मी? हो... बहुतेक."

०

लग्न तोंडावर आलं आणि एके दुपारी मोर उघडला. अण्णा खुर्चीतून उठून उभेच राहिले. "हाच की, सर! हाच!"

पण आतली फाइल बाहेर कशी आणायची ते मला काही केल्या उमगेना. शेवटी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला. अण्णांच्या जुन्या कारखान्यात, अक्कलकोट रोडला, त्या फोटोवरून डिझाइन उतरवलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी चादर आली.

आम्ही ती पसरली. मोर झकास! फक्त त्याच्या चोचीपाशी एक छोटा, तिरका, पांढरा बाण. माउसचा बाण! चक्क विणलेला!

वाघमोडे माझ्याकडे वळले. "सर, फोटो काढताना माऊस कुणाच्या हातात हुता?"

माझ्याच. निदान मला तरी तसंच आठवत होतं. मी अण्णांची माफी मागितली, दोनदा. अण्णा त्या बाणावरून तळहात फिरवत राहिले आणि हसले.

"असू दे की, सर."

लग्नात मी पंगतीतूनही मान वळवून वळवून तिकडेच बघत होतो. नवरी त्या चादरीवर बसली होती आणि मला बाणाशिवाय काही दिसत नव्हतं.

अण्णा त्यानंतर दोनेक वर्षांनी गेले. नात आता करकंबच्या शाळेत शिकवते. परवा आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं गच्चीवर दोन चादरी उन्हात घातल्या होत्या. एक तिची, दुसरी विटलेली, तिच्या आईची.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वाघमोड्यांनाही बोलावून पाहायला लावलं. आईच्या लग्नातल्या त्या चादरीवरही, मोराच्या चोचीपाशी, तो बाण आहे.