भिंतीवरची नीळ

जव्हारला घर बांधलं तेव्हा मागची खोली मी बाबांसाठी ठेवली. आमचं मूळ घर सूर्यमाळच्या एका पाड्यावर. मला आश्रमशाळेत आणि पुढे कॉलेजात शिकता यावं म्हणून बाबांनी कितीतरी वर्षं दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्ट्या गाठल्या. त्या धुराने त्यांची छाती गेली. आई वारल्यावर मी त्यांना इकडे आणलं, कारण दवाखाना इथे आहे आणि पाड्यावर दम लागला तर जवळ कोणी नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. त्यांना एक कोरडी खोली देणं एवढं तरी मला जमायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात नेमकी त्याच खोलीची भिंत ओली झाली. आधी ताटाएवढा डाग, मग पोपडे, मग थेट खाटेपर्यंत ओघळ. बाबांचा खोकला थांबेना.

"पोरा, मना घरा नेऊन सोड," ते म्हणाले. "कुडाचं हाय, पण चुलीच्या अंगाला कोरडं हाय."

मी गणपतीपर्यंतची मुदत मागून घेतली.

शेजारच्या दुमजली घरात एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. मी त्यांना साहेब म्हणायचो. बाहेर पडताना कायम पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीचा. दोन घरांच्या मध्ये वीतभर फट आहे. आदल्या वर्षी साहेबांनी तिच्यावर पत्रा टाकून घेतला आणि त्याची एक कड माझ्या गच्चीच्या कठड्यावर स्क्रूने बसवली. "उंदीर शिरतात गुरुजी. दोघांचंही भलं होईल," म्हणाले. मी आभार मानले. वर घरच्या नागलीचं पीठही नेऊन दिलं.

ओल बघून तेच म्हणाले, "स्लॅबच कच्चा आहे तुमचा." मला ते पटलं. पाऊस जरा थांबला की मी गच्चीवर. स्लॅब घासला, भेगा भरल्या, वॉटरप्रूफिंगचे हात दिले, शेवटी ताडपत्री अंथरली. ओघळ तसाच. साहेब त्यांच्या वरच्या बाल्कनीतून चहा पीत बघायचे. एकदा म्हणाले, "डोंगरावरच्या माणसाला पाऊस काय नवा? छत्री उघडून झोपा की!" आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मीही हसलो. शेजाऱ्याशी कशाला वाकडं घ्या?

मग श्रावणात छान उघडीप पडली. ऊन तापलं, डाग सुकत आला. एका दुपारी शाळेतून आलो तर बाबा खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते.

"ही भित निळी कशी रं झाली?"

डाग पुन्हा ओला झाला होता आणि त्याला फिकट निळी झाक होती. बोट लावून वास घेतला. साबणाचा वास. बाहेर येऊन वर पाहिलं. बाल्कनीत साहेबांचे पावसात साठलेले सगळे पांढरे शर्ट ओळीने वाळत होते, ताजे निळीतून काढलेले.

मी पेचकस घेऊन गच्चीवर गेलो. माझ्या बाजूचे स्क्रू काढून पत्रा उचलला. खाली, हात पोचेल इतक्यावर, साहेबांच्या बाल्कनीचा पाइप फटीत उतरला होता आणि त्याचं तोंड माझ्या भिंतीकडे होतं. त्यांच्या छपराचं सगळं पाणी बाल्कनीत आणि तिथून माझ्या भिंतीवर. तिथलं प्लास्टर पाण्याने खाऊन टाकलं होतं, विटा हिरव्या पडल्या होत्या. पत्रा उंदरांसाठी नव्हताच.

साहेबांना बोलावून आणलं. पाइपचं बोललो आणि भिंत दाखवली. ते चपला घालूनच दारात उभे राहिले. म्हणाले, "आमचं पाणी पुढच्या अंगाला उतरतं. वारली चित्रं काढतात ना तुमच्याकडे? म्हाताऱ्याने रंगवली असेल."

आम्ही वारली नव्हे, आमच्याकडे चित्रं काढत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण बाबांनी पांघरूण छातीशी ओढून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, "नाय साहेब, मी नाय."

त्या 'मी नाय'ने माझं डोकं फिरलं.

तक्रार करता आली असती. पण अर्ज कसा पडून राहतो हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी जुनी गोधडी फाडली, तिचा घट्ट बोळा सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळला. गच्चीवर पालथा पडून, हात खांद्यापर्यंत फटीत घालून तो पाइपच्या तोंडात ठोकला आणि वरून सिमेंट लिंपलं. माझी भिंतही खरवडून जिथवर हात गेला तिथवर वॉटरप्रूफ सिमेंटने गिलावा केला. मग पत्रा पुन्हा बसवून स्क्रू आवळले. आता पाणी कुठे जाईल ते मला पक्कं माहीत होतं. पावसाची इतकी वाट मी लावणीच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

तो आला रविवारी सकाळी, मोठा. मी ओट्यावर मुलांच्या वह्या घेऊन बसलो होतो. थोड्याच वेळात वरून आरडाओरड सुरू झाली. "अगं, पाणी हॉलमध्ये आलं! पोतं आण, पोतं!" कपाट सरकवल्याचा आवाज आला. बादली आपटली. प्रत्येक आवाज मला गोड लागला. आत जाऊन भिंतीवर हात फिरवला. ओघळ नव्हता.

साहेब आले, गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"गुरुजी, पाइप तुंबलाय."

"कुठला पाइप?"

"तो... फटीतला."

"फटीत पाइप आहे?"

ते वाकून पँटच्या ओल्या कडा पिळू लागले.

"मला नका सांगू. आत बाबा आहेत. भिंत कोणी रंगवली ते त्यांना सांगा."

त्यांनी चपला काढल्या. खाटेसमोर उभे राहून हळूच म्हणाले, "बाबा, पाणी आमचंच होतं."

बाबांनी स्वतःचा टॉवेल पुढे केला. "बसा साहेब. पाय पुसा." मग माझ्याकडे वळले, "जा, काढ ते. वर बाईमाणूस पाणी उपसते."

"काढतो," मी म्हणालो.

काढला नाही. साहेबांना सांगितलं, आधी पाइप रस्त्याच्या बाजूला फिरवा. भर पावसात प्लंबर मिळेना. तो येईपर्यंत दोघं नवराबायको खालच्या खोलीत सामानाच्या गर्दीत झोपत होते. तेवढे दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी ते सोसलं. प्लंबरने पाइप तोडून फिरवला, तेव्हा तुकड्याबरोबर बोळाही गेला.

गणपती आले आणि गेले. भिंत वाळली, बाबांचा खोकला उतरला. घरी नेऊन सोड असं ते पुन्हा म्हणाले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसतात. साहेब जाता-येता नमस्कार करतात, बाबा त्यांना थांबवून तब्येत विचारतात.

त्यांची बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत असली की मी वर बघत नाही.