सटरफटरचं गाठोडं

जे मी स्वतः घासाघीस करून घेतलेलं नाही ते सगळं सटरफटर, अशी या शब्दाची आमच्या घरात माझी व्याख्या होती. साड्या, दागिने, भांडी म्हणजे सामान. बायकोनं महिनाभर गोळा करून गाठोड्यात बांधलेलं ते सटरफटर!

मोठ्या पोराचं वऱ्हाड घेऊन आम्ही गोंदियाहून सौंदडला रेल्वेनं उतरलो. पुढं केशोरीपर्यंत बैलगाड्या. बायकामाणसं पुढं गेली आणि शेवटच्या गाडीवानानं माझं डोकं फिरवलं.

“गाठोड्याचे अलग पैसे लागन, सेठ.”

“काऊन रे? बैलानं सांगितलं का तुले?”

“बैल बोलत नाही जी, म्हणून मी बोलून राहिलो.”

असं उलट उत्तर! (त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.) गाठोडं उचलून मी स्टेशनाजवळच्या पानवाल्याकडे टाकलं नि गरजलो, “राहू दे इथंच! सटरफटर आहे!” सौदा जिंकलो!

मांडवात भटजींनी बाशिंग मागितलं. बायको म्हणाली, “गाठोड्यात.” अंतरपाट? “गाठोड्यात.” काळे मणी? “त्यातच. अजी, गाठोडं कुठं हाये?”

“सौंदडला.”

“कायले?”

मी छताच्या पानांकडे पाहू लागलो.

मुहूर्त गोरज, आणि बैलगाडी सौंदडला जाऊन येईपर्यंत मध्यरात्र. हुकला तर लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर! आत नवरीनं रडायला सुरुवात केली, बाहेर माझ्या पोरानं. व्याही कपाळाला हात लावून म्हणाले, “मंग आणलं काय तुमी?”

“पितळी घागरी,” मी म्हणालो. “भाव फार चांगला मिळाला!”

तेव्हा नवरीची आजी कडाडली, “बायांनो, पाहून काय राहिल्या? घरात जा!” एकीनं आपल्या नवऱ्याचं कोरं धोतर आणलं, त्याचा अंतरपाट झाला. (तिचा नवरा तक्रार करत मागोमाग आला.) दुसरीनं फुलांचं बाशिंग गुंफलं. आजीनं आपल्या डबीतले काळे मणी ओवले. सूर्य बुडायच्या आत अक्षता पडल्या, त्याही त्यांच्याच!

मी आजीचे पाय धरले. डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. “आजी, हे उपकार कसे फेडू?”

“फेडू नोको बापू. फक्त जाताना गाडी दुसऱ्याले ठरवू दे.”

घासाघीस न करता मान्य केलेली ती माझ्या आयुष्यातली पहिली अट. (तोंड उघडलं होतं, पण बायको बघत होती!)