काकांनी न खोडलेला युक्तिवाद

प्रभाकरकाकांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आहे, पण खरं सांगायचं तर हल्ली मी फार थकलेला असतो. त्यांची ओळख झाली तेव्हाही असाच होतो. अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये नवा, ऑफिसने पिळून काढलेला. गावातल्या वाचनालयात दर रविवारी काही मराठी मंडळी ग्रीक तत्त्वज्ञान वाचतात असं कळलं, आणि केवळ मराठी कानावर पडेल म्हणून गेलो. निवृत्त इंजिनिअर असलेले काका समजावत होते, "मरणाला भ्यायचं कशाला? आपण आहोत तोवर ते नाही. ते आलं की आपण नाही. भेटच होत नाही, तर भीती कसली?"

मंडळाचा नियम काकांनीच घातलेला. ज्याने युक्तिवाद मांडला, त्यानेच पुढच्या रविवारी तो खोडायचा. त्या पुढच्या रविवारी नेमकं बर्फामुळे वाचनालय बंद राहिलं आणि काकांची पाळी हुकली. बाकी कुणाला मात्र ते सूट देत नाहीत.

जन्माआधी आपण नव्हतो याचं दुःख नाही, मग मरणानंतर नसण्याचं का, हे एकदा मी मोठ्या ऐटीत मांडलं. त्याच आठवड्यात नागपूरला बाबा गेले. व्हिसा अडकलेला, जाता आलं नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. काका घरी आले. शैलाकाकूंनी घरून दिलेला वरणभात त्यांनी स्वतः गरम करून वाढला. ग्रीकांचं नावही काढलं नाही. निघताना म्हणाले, "रविवारी ये. नुसता बसलास तरी चालेल." मी नुसता बसलो. माझा युक्तिवाद खोडला गेला, असं काकांनी जाहीर केलं.

आता डॉक्टरांनी काकांना हृदयाची झडप बदलायला सांगितली आहे. "सर्जरी पोस्टपोन केली रे," असं ते हसत सांगतात आणि वर तोच भेट न होण्याचा युक्तिवाद ऐकवतात. परवा काकू शांतपणे म्हणाल्या, "यांची भेट होणार नाही. माझी होईल."

मला काकांच्या मरणाची भीती वाटते. दुसऱ्यांदा मला ते सोसणार नाही.

काका, तुमची पाळी अजून बाकी आहे. झडप बदलून घ्या, ठणठणीत व्हा आणि तो युक्तिवाद खोडायला या. खोडायची घाई करू नका, चांगली पुष्कळ वर्षं लावा. आम्ही दमलेली माणसं, पण दर रविवारी येऊन बसू.