शांतव्वाचा बाळंतपणाचा क्लास

शाहूपुरीत महालिंगची गुळाची अडत होती. त्याची आई शांतव्वा हिची चारही बाळंतपणं नेसरीला माहेरी झाली, तोंडात पदराचा बोळा धरून. बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, पुरुष बसलेले असत. "वरडू नगंस, भाईर माणसं हायती," एवढंच तिची आई सांगायची. चारातली दोन मुलं जगली.

म्हणून पंच्याहत्तर साली सून रुद्राणी म्हणाली, "आत्या, मला बाळंतपणाच्या क्लासला जायचंय," तेव्हा शांतव्वाला हसूच आलं.

"कळा सोसायला शिकवत्यात व्हय? त्या आल्या की सोसायच्याच की."

रुद्राणी हसली नाही. तिची आई धाकट्या भावाच्या वेळी गेली होती, आणि शेजारच्या खोलीत बसून तिनं ते सगळं ऐकलं होतं. माहेरी आता बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. सातवा लागल्यापासून तिला घास गिळेना झाला होता. दुसऱ्या दिवशी शांतव्वा स्वतःच डोक्यावर पदर घेऊन सुनेबरोबर निघाली.

दोघींनी आधी एका दवाखान्यातला वर्ग पाहिला. तिथं बायकांना बाकांवर बसवून लोहाच्या गोळ्यांवर भाषण झालं आणि चहा मिळाला. राजारामपुरीत मात्र डॉक्टर कालिंदीबाई आपल्या घराच्या माडीवर सतरंजी अंथरून चारपाच जणींना श्वास कसा घ्यायचा ते शिकवत. कळ चढताना सावकाश, फार वर गेली की तोंडानं उथळ, उतरली की एक मोठा उसासा. जबडा सैल, मुठी सैल. बाळंतपणंही त्या खालच्याच मजल्यावर करत, आणि त्यांची अट एकच होती. जो सोबत शिकेल, त्यानं प्रत्यक्ष वेळेलाही जवळ राहायचं. "नवऱ्याला आणलंत तर उत्तम," त्या म्हणाल्या.

महालिंगनं ऐकूनच घेतलं नाही. "बायकांच्यात मी काय करू? बाजारात तोंड दाखवू का नको?"

"ऱ्हाऊ दे. मी जातो की," शांतव्वा म्हणाली.

पन्नाशी उलटलेली शांतव्वा पोरीसोरींत मांडी घालून बसू लागली. खोटी कळ म्हणून सोबतच्या बाईनं गरोदर बाईचा दंड दाबायचा असे. शांतव्वाचा हात पुढे होईना.

"जोरात दाबा, शांतव्वा. कळ काय विचारून येत नाही," कालिंदीबाई म्हणत.

"माझ्यानं न्हाय हुईत, बाई."

शेवटी तिनं डोळे मिटून दाबला. रुद्राणीनं खिडकीच्या गजावर नजर लावली, श्वास आत घेतला, सोडला, आणि मूठ उघडीच राहिली. घरी रोज दुपारी जेवणं झाली की दोघी माजघरात सराव करत. शांतव्वा सुनेच्या कमरेवर तळवा ठेवून पुटपुटायची, "घे... सोड... घे..." कधी कधी तिचा स्वतःचा श्वास मध्येच अडकायचा. गेलेल्या दोघांची आठवण यायची. पण रुद्राणी आता जेवू लागली होती. एकदा ती म्हणाली, "तुम्ही हात ठेवलासा की भ्या वाटत न्हाय आत्या."

"मी हाय की तितं. कुटं जातोय?" शांतव्वा बोलून गेली.

दिवस भरायच्या आधीच, भर दुपारी रुद्राणीचं पाणी गेलं. कालिंदीबाई परगावी होत्या. त्यांच्या घराला कुलूप पाहून महालिंगनं टांगा जवळच्या दुसऱ्या दवाखान्याकडे वळवला. टांग्यात तीन कळा आल्या आणि तिन्ही रुद्राणीनं शिकल्याप्रमाणे पार केल्या. शांतव्वाचा हात तिच्या कमरेवर होता.

दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीच्या दारात नर्सबाईनं तो हात बाजूला केला. "सासूबाई, तुम्ही बाहेर."

"मी क्लास केलाय, बाई. मला तिच्याजवळ ऱ्हायला पायजे."

"इथं क्लास नाही. व्हा बाहेर."

रुद्राणीनं मागं वळून पाहिलं आणि दार लागलं.

शांतव्वा दाराला चिकटून उभी राहिली. आधी आतून श्वास ऐकू येत होता, लयीतला. ती बाहेरून बोलू लागली, "घे... सोड..." मग लय तुटली. "आत्या!" आतून हाक आली. "आत्या, कुटं हायसा?" शांतव्वानं दारावर थाप मारली. "हितं हाय गं! सोड, श्वास सोड!" तेवढ्यात कुणीतरी आतलं दुसरंही दार ओढून घेतलं आणि नुसते दबके आवाज ऐकू येऊ लागले, शब्द कळेनात. महालिंग येऊन म्हणाला, "आई, बस की. लोक बघाय लागल्यात." ती बसली नाही. तिला सगळं येत होतं, आणि त्यातलं काहीच करता येत नव्हतं.

दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. महालिंगनं पेढे वाटले.

शांतव्वा आत गेली तेव्हा रुद्राणी छताकडे बघत पडली होती. ओठ दातांखाली फाटला होता. तिनं रागावून नाही, सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही घरी गेलतासा व्हय?"

"न्हाय गं. दारातच हुतो."

रुद्राणीनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, शांतव्वाला कळलं नाही. तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाच नीट केलं.

तीन वर्षांनी रुद्राणीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा शांतव्वानंच विषय काढला. "राजारामपुरीला जाऊया काय?"

"नगं आत्या," रुद्राणी भाजी चिरता चिरता म्हणाली. "बाळंतपणाच्या खोलीत माणूस एकटंच असतंय."

पाटीतली मेथी पुढं ओढून शांतव्वा निवडायला बसली.