रिकाम्या खुर्चीपुढचा वाडगा

"इटन?" असं विचारून ती स्वतःच्या पोटावर हलकेच थाप मारायची. सकाळी दूध तापायच्या आत, दुपारी कपडे वाळत घालताना, अगदी मी जेवून ढेकर देत असतानासुद्धा. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे काय काय खाल्लं ते सांगत बसायचे. मग लक्षात आलं, उत्तराची तिला अपेक्षाच नाही. आपल्याकडे पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला "काय, बाजारात का?" म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार.

पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, रोटोटुनाला, मुलाकडे मी दर उन्हाळ्यात जायचे. म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात. पुण्यात तेव्हा स्वेटर निघालेले असतात. हा घोळ माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. शेजारच्या घरात ती लेक-जावयाकडे राहायची. माझ्याहून थोडी मोठी, अंगाने किडकिडीत, डोक्यावर जावयाची जुनी टोपी. तिला मराठी येत नव्हतं, मला चिनी. इंग्रजी दोघींचं सारखंच बेताचं. मला ती "इंडिया" अशी हाक मारायची. एका बाईवर एवढा मोठा देश! कुंपणावरून ती मला कांद्याची पात द्यायची, मी तिला मेथी. मेथी कशी लागली ते मी कधी विचारलं नाही. तिचा चेहराच सांगत होता.

त्यांचं नवीन वर्ष आपल्या संक्रांतीनंतर कधीतरी येतं. त्याआधी ती घर नुसतं धुऊन काढायची आणि दारावर लाल कागद चिकटवायची. पहिल्या वर्षी नेमकी त्याच सकाळी मी आमचा ड्राइव्ह-वे झाडत होते. ती धावत आली आणि माझ्या हातातला झाडूच काढून घेतला.

"नो, नो, इंडिया! लक गो!"

वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढला की नशीबही केराबरोबर बाहेर जातं म्हणे. मला हे लगेच पटलं. आमच्याकडेही तिन्हीसांजेला झाडू लावत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून. एकच कळेना, आमचं नशीब वाचवायला आमचा झाडू ती स्वतःच्या घरी का घेऊन गेली.

दुसऱ्या वर्षी तिने मला आदल्या संध्याकाळच्या जेवणाला ओढून नेलं. त्या जेवणाला सगळं घर एकत्र बसतं. माझ्यासाठी तिने कोबी भरून वेगळे डम्पलिंग केले होते, आपल्या उकडीच्या मोदकाची चुलत भावंडंच. मधे डोक्या-शेपटीसकट अख्खा मासा. मी आपली भिंतीकडे बघत जेवत होते. तो मासा कोणी संपवतच नव्हतं. मी खुणेने विचारलं, तर ती म्हणाली, "नेक्स्ट इयर!" वर्षाच्या शेवटी उरलं तर पुढच्या वर्षीही पुरतं, असा काहीतरी हिशेब. ताटात टाकलं म्हणून आईच्या हातचा मार खाल्लेली मी, माझा वाडगा तेवढा पुसून काढला.

पण माझा खरा गोंधळ झाला तो वाडग्यांमुळे. ती, लेक, जावई आणि मी, आम्ही चौघं. वाडगे मात्र पाच. पाचव्या वाडग्यापुढची खुर्ची रिकामी, आणि ती आधी त्याच वाडग्यात वाढत होती. समोर भिंतीवर दोन फोटो, एक म्हाताऱ्या माणसाचा, एक पिवळं हेल्मेट घातलेल्या तरुणाचा. खाली संत्री रचलेली, उदबत्ती लावलेली. पितृपक्षात पानं वाढण्यात माझा जन्म गेला; मला आणखी काय सांगायला हवं होतं? नवरा गेला आणि पाठोपाठ तरणाताठा मुलगाही! मला इतकं भरून आलं की मी उठले, त्या वाडग्यापुढे हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिले. डोळे उघडले तर तिघंही माझ्याकडे बघत होते. मग तिनेही हसून हात जोडले. इंडियात जेवणाआधी असंच करतात, असं वाटलं असेल.

पुढच्या उन्हाळ्यात, सणाच्या आठवड्यात, मी धीर करून कुंपणावरून तिच्या लेकीला विचारलं, "युवर ब्रदर... हाऊ डाय?"

"डाय? आंटी, ही इज इन ख्राइस्टचर्च!"

भूकंपात पडलेली घरं बांधायला गेला होता तो. ठणठणीत. मेव्हण्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणून निघून गेला. फोटो वडिलांच्या शेजारी लावला कारण खिळा तिथे होता. आणि वाडगा? जो येऊ शकला नाही त्याचाही वाडगा मांडायचा, म्हणजे तो घरातलाच राहतो. दर वर्षी त्याची आई तेवढ्या एका संध्याकाळची वाट बघत होती. हे सांगताना लेक कुंपण धरून हसत सुटली आणि हसता हसता गवतात बसून रडायला लागली.

"आई, तू जिवंत माणसाला पितर केलंस?" माझा मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

लेकीने मात्र त्याच दिवशी भावाला फोन केला. काय बोलली ते मला नंतर सांगितलं: "शेजारची इंडियन आंटी तुला मेलेला समजते. आई तुझ्या वाडग्यात वाढते आणि ती त्या वाडग्यापुढे हात जोडते. आता तूच ठरव."

सणाच्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसत होतो आणि दार उघडलं. फोटोतला माणूस, हेल्मेट नसलेला, दारात उभा! माझ्या हातातलं पाणी टेबलभर सांडलं. ती जागची उठली नाही. मिठी नाही, रडणं नाही. तिने नुसतं त्या वाडग्याकडे बोट दाखवलं आणि चिनीत काहीतरी विचारलं. तिचं चिनी मला तेवढं एकदाच कळलं. जेवलास का, असंच विचारलं असणार. तो बसला आणि खाली मान घालून जेवत राहिला. मधेच जावयाने मुकाट्याने माशाचा तुकडा उचलून त्याच्या वाडग्यात ठेवला. तिने एक घासही घेतला नाही, नुसती बघत होती. रडले ती मी.

त्यानंतरच्या तिकडच्या हिवाळ्यात ती गेली. मी पुण्यात होते. मुलाने फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर मी हातातली मेथी निवडत राहिले, देठं पातेल्यात आणि पानं केरात.

पुन्हा गेले तेव्हा सण जवळ आला होता, पण त्यांच्या दारावर लाल कागद नव्हता. का, ते मला कोणी सांगावं लागलं नाही. घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला आपणही करंज्या तळत नाही, शेजारचे आणून देतात. मी डबा भरून करंज्या घेऊन गेले. तिचा मुलगा न बोलावता आला होता. आम्ही पुन्हा चौघं आणि वाडगे पाच. लेकीने आईच्या खुर्चीपुढच्या वाडग्यात कोबीचं डम्पलिंग वाढलं आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. इंडिया आता हात जोडणार.

माझे हात अर्धे वर आलेही होते. पण समजेना, हा वाडगा गेलेल्या माणसाचा, की यायला उशीर झालेल्याचा? त्यांच्या टेबलावर दोन्ही सारखेच मांडतात. मी हात खाली घेतले, पोटावर हलकेच थाप मारली आणि त्या खुर्चीला विचारलं, "इटन?"